खाट चौदाचे अकरा दिवस

५ फेब्रुवारी २००१, सोमवार

पुरुष वॉर्ड आजपासून माझ्याकडे. चोवीस खाटा, खाली गाद्यांवर सहा. डॉ. सरनाईकांनी काम पुन्हा सांगितलं. पाहणी त्यांची, मी सहा महिन्यांचा तात्पुरता माणूस. रोज सकाळी दहाला प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न. आज हा माणूस इस्पितळात का आहे? केसपेपर वाचायचा, सिस्टरला विचारायचं, खूण करायची. 'अ' म्हणजे आज इथे असणं जरूर. 'ब' म्हणजे जरूर नाही, तरी आहे. ब असेल तर कारणाचा आकडा. ३ तपासणीची वाट. ४ मोठ्या डॉक्टरांची वाट. ६ घरी सोय नाही. असे नऊपर्यंत. ९ म्हणजे इतर.

"नऊ कमीत कमी वापरा," स. म्हणाले. "इतर म्हणजे आपल्याला कळलं नाही."

फॉर्मला कागद मंजूर नाही. सोनोग्राफीच्या मागणीचिठ्ठ्यांचा जुना साठा पडून होता, त्यांच्या कोऱ्या पाठीवर फॉर्म सायक्लोस्टाइल करून घेतलेत. वॉर्डही अजून त्याच चिठ्ठ्या वापरतो. हरकत नाही. कविता शिकवायचो तेव्हा फळाही धड नव्हता.

६ फेब्रु., मंगळ

खा. १४ नवा. रंगराव चौगले, वय ४२, कोडोली. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. चार दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखतं. बोलत नाही. बायको बोलते. नाव शालन.

"पावणं, तुमी डाक्टर न्हवं न्हवं?"

नाही म्हणालो.

"मग काय लिवतासा?"

पाहणी म्हणालो. "बगा बगा," म्हणाली, "बगायला काय पैसं पडत न्हाईत."

अ.

७ फेब्रु., बुध

१४ला इंजेक्शनं सुरू. हाउसमन डॉ. जाधव बायकोला सांगत होते, लिव्हरमध्ये गळू असावं, सोनोग्राफीत दिसेल, मोठं असलं तर सुईनं पू काढू. चिठ्ठी लिहिली. राउंड चालू होता, मोठ्या साहेबांनी उभ्याउभ्या सही केली. वॉर्डची सोनोग्राफी गुरुवारी असते. म्हणजे उद्याच.

दळवी सिस्टरांच्या टेबलाचा कोपरा मला मिळाला आहे. तिथे बसून तीस फॉर्म. हात दुखतो. गठ्ठा उचलला तर त्यात तीन कोरे निघाले, छपाई न उठलेले. कच्च्या कामाला ठेवले.

८ फेब्रु., गुरु

सोनोग्राफीला पाच जण नेले. १४ नाही. "नंबर लागला नसेल," सिस्टर. अ. (इंजेक्शन चालू.)

१० फेब्रु., शनि

खा. ९चे आजोबा, कागलचे, बरे आहेत. काल सुट्टी लिहून झाली. घरचे न्यायला आले आणि नेलं नाही.

"शनवारी न्हेल्यालं मानूस परत येतंय," त्यांचा मुलगा.

"मग काल का नाही नेलंत?"

"काल कुठं टाइम हुता?"

सिस्टरही म्हणाल्या, राहू दे, दोन दिवसांनी काय होतंय. कारणांच्या यादीत शनिवार नाही. ९ लिहिलं. स. चिडतील.

खा. १४. ताप उतरला, इंजेक्शन बंद, गोळ्या. जेवतो. चालतो. सोनोग्राफीशिवाय सोडायचं नाही असं जाधवांनी लिहिलंय. म्हणजे ब, ३. पहिला.

११, रवि

सुट्टी. खोलीवर रविवारी कोणी येत नाही. आठवड्याची बेरीज एका कोऱ्या कागदावर मांडायला घेतली. डावीकडे खाटा, पुढे रोजचा आकडा. रविवारचे आकडे उद्या केसपेपरवरून.

१२ फेब्रु., सोम

शालन चौगले वॉर्डच्या दारात बसून चुरमुरे निवडत होती. मला थांबवलं.

"मास्तर, आज आमच्या म्होरं काय लिवलं?"

मास्तर कुठून काढलं कोण जाणे. तपासणीची वाट, म्हणालो.

"त्ये मीबी सांगितलं असतं. त्याला शिकायला कशाला लागतंय?"

शेजारची बाई हसली. मीही. मग गाव विचारलं. कागलजवळ. आडनाव विचारलं. कांबळे. तिनं चुरमुरे बाजूला सारले. "असू दे," म्हणाली आणि किटलीतून चहा ओतून दिला. कप तिचाच होता.

चहा प्यायलो. 'असू दे' दिवसभर कानात. वाईट म्हणावं तर तसंही नाही.

१४: ब, ३.

१३ फेब्रु., मंगळ

मोठे साहेब परगावी परीक्षा घ्यायला गेले, पुढच्या मंगळवारपर्यंत नाहीत. राउंड धाकट्यांनी उरकला. सह्या कोणी करत नाही. सहा खाटांना ४.

स.ना विचारलं, एखाद्याचं काम कुठे अडलंय ते दिसलं तर सांगायचं का? म्हणाले, "कांबळे, तुम्ही तापमापी आहात. तापमापी औषध देत नाही. आज एकाला मदत केलीत तर त्याचा दिवस कमी होईल, आणि मोजायचं ते हलेल. सहा महिन्यांनी हा अहवाल वर गेला तर सगळ्यांचे दिवस कमी होतील."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्वतः सकाळी आठला येतात, डबा टेबलावर उघडतात, माझ्यापुढेही सरकवतात.

१४: ब, ३.

१५ फेब्रु., गुरु

सोनोग्राफीला सात जण नेले. १४ नाही.

शालन स्वतः खाली जाऊन आली. तिथला माणूस म्हणाला, या नावाची चिठ्ठीच आलेली नाही. वर येऊन सिस्टरांना म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, ७ तारखेलाच पाठवलीय, रजिस्टरला आहे. मी तीन फुटांवर. रजिस्टरला आहे, हे खरं. मीही वाचलंय.

"न्हाई म्हंत्यात त्ये," शालन.

"हाय म्हणते मी."

"मग चिठ्ठी गेली कुठं? पाय फुटलं व्हय तिला?"

मी लिहीत राहिलो. ब, ३. फॉर्मवर फक्त 'तपासणी प्रलंबित'. कोणी लांबवली ते विचारायला रकाना नाही.

१६ फेब्रु., शुक्र

चिठ्ठ्या खाली नेतात ते वॉर्डचे मामा. साठीला आलेत. सिस्टर त्यांना सगळ्यांसमोर बोलल्या. मामांनी जोतिबाची आण घेतली. मग खिसे उलटे करून दाखवले. विडीचं बंडल, एक किल्ली. कोणी मागितलं नव्हतं.

जाधवांनी नवी चिठ्ठी लिहिली. मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय खाली घेत नाहीत. मंगळवारी.

रंगराव आज माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "हंगाम हाय. मालक दुसरा ड्रायव्हर बशीवल." हात अजून गिअरवर असल्यासारखा गादीवर.

दुखतं का, असं विचारणं माझं काम नाही. विचारलं. "दाबलं तर."

ब, ३.

१८ फेब्रु., रवि

दुपारी बेरीज पुरी करायला बसलो. आकड्यांचा कागद भरला, पुढचं मागे लिहावं म्हणून उलटा केला.

कोरा नाही. सोनोग्राफीची मागणी. रंगराव चौगले, ४२, पुरुष वॉर्ड, खाट १४. जाधवांचं अक्षर. मोठ्या साहेबांची सही. ७.२.

पाठीवर माझं अक्षर. खाट चौदापुढे आठ वेळा ३.

ती पालथी पडली असणार टेबलावर, माझ्या फॉर्मांत. मी गठ्ठा उचलला. कोरा कागद म्हणून मोजला. अकरा दिवस तो माझ्या फायलीत होता आणि मी रोज लिहीत होतो की

आत्ता तीन वाजलेत. रविवारी सोनोग्राफी बंद असते. हे मला माहीत आहे. तरी इस्पितळात गेलो, फाटकापर्यंत. आत गेलो नाही. कोणाला काय सांगणार होतो? परत आलो.

१९ फेब्रु., सोम

साडेसातला वॉर्डात. जाधव चहा पीत होते. चिठ्ठी पुढे केली. "माझ्या कागदांत होती. माझ्याकडून उचलली गेली." वाक्य रात्रभर बसवून ठेवलं होतं, इतकंच.

त्यांनी पाहिलं. "अरे, सही आहे की हिच्यावर. झकास." मामांना हाक मारली, खाली पाठवलं. मामा चिठ्ठी दोन्ही हातांत धरून गेले. परत आले. गुरुवारी, पहिला नंबर. खाली झेरॉक्स ठेवून घेतली, म्हणून मूळ चिठ्ठी केसपेपरला टाचली. पाठीवरच्या आकड्यांसकट. कोणी उलटून पाहिलं नाही.

आज लगेच नाही का होणार, असं जाधवांना विचारलं. "ताप नाही, पोट मऊ आहे, अर्जंट काय लिहू? गुरुवारी होतंय ना." त्यांच्याकडे तीस खाटा, छत्तीस तासांची ड्यूटी.

शालनला जाधवांनीच सांगितलं, चिठ्ठी मास्तरांनी आणून दिली.

कुठून आणली ते सांगितलं नाही. मीही नाही.

ब, ३. खोडावंसं वाटलं. दुसरा आकडा कोणता?

२० फेब्रु., मंगळ

१४: ब, ३. अकरावा. दहा वाजताची खूण. संध्याकाळी निघताना दिसला तेव्हा चादर गळ्यापर्यंत घेतली होती. थंडी वाजते म्हणाला. सिस्टरांना सांगितलं. तापमापी लावून बघत होत्या.

२१ फेब्रु., बुध

वॉर्डात शिरताना १४पाशी पडदा.

पहाटे पोटात कळ आली, पोट लाकडासारखं झालं. गळू आत फुटलं. दहाच्या आधीच थिएटरात नेला. शालन पायऱ्यांवर. तिच्याशेजारी डबा, झाकण लावलेला.

मी फॉर्म काढला. दहा वाजता खाट रिकामी, पण नाव वॉर्डावर. तातडीची शस्त्रक्रिया. नियमाप्रमाणे अ.

इथे असणं आज जरूर. बारा दिवसांत प्रथम.

२२ फेब्रु., गुरु

साडेनऊला मामा चाकाची खुर्ची घेऊन आले. "खाट चौदा, रंगराव चौगले, सोनोग्राफी, पयला नंबर."

खाट चौदावर आता दम्याचा एक म्हातारा आहे. तो उठून बसायला लागला.

"तुमी न्हवं आजोबा," मामा म्हणाले. रिकामी खुर्ची फिरवून नेली.

रंगराव सर्जरीच्या वॉर्डात. शुद्धीवर आहे. नळ्या आहेत. तो वॉर्ड पाहणीत नाही.

२३ फेब्रु., शुक्र

स.ना सगळं सांगितलं. उभा राहून. त्यांनी डबा बंद केला.

"चिठ्ठी पोचली नाही हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं?" ते म्हणाले, "वॉर्डच्या. आठ तारखेलाच. तुमची एक चूक, त्यावर त्यांच्या पाच."

मी म्हणालो, त्यांच्या पाच चुका मी रोज तीन फुटांवर बसून पाहिल्या.

ते उठून खिडकीपाशी गेले. मग, "कागद माझे. पाठकोऱ्या चिठ्ठ्या वापरायची कल्पना माझी. हे लक्षात ठेवा."

उद्यापासून फॉर्म नव्या पांढऱ्या कागदावर. ते स्वतः आणणार.

"आणि चौदा?" मी.

"चौदा वगळावी लागेल. मोजणाऱ्यामुळे झालेला उशीर वॉर्डच्या नावावर कसा टाकायचा? ते अप्रामाणिक होईल."

बरोबर आहे. हाच प्रामाणिकपणा. अकरा दिवस काढून टाकायचे.

"त्यांच्या बायकोला सांगू का?"

"काय सांगणार?"

मी सांगितलं तेच, म्हणालो.

"त्यानं तिचं काय होईल, याचा विचार करा. तुमचं काय होईल याचा नको." नंतर हळू आवाजात म्हणाले, "मला माहीत नाही, कांबळे."

त्यांना माहीत नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

२४ फेब्रु., शनि

मामांना गाठून सांगितलं. चिठ्ठी तुम्ही हरवली नव्हती. माझ्याकडे होती.

"व्हय?" विडी विझवली. "मला वाटलं मीच कुठं टाकली. अलीकडं ध्यान ऱ्हात न्हाय. घरातबी म्हणालो मी, आता नोकरी सोडतो म्हणून."

सिस्टरांना सांगतो म्हणालो.

"नगा सांगू. झालं आता. सिस्टर चार दिस धड बोलायल्यात, परत त्योच इषय कशाला?"

मी आण घ्यायला लावली होती त्यांना. माफी मागितली. ते अवघडून गेले, मलाच चहा पाजला.

२६ फेब्रु., सोम

सर्जरी वॉर्डात गेलो. चार दिवस जिन्यापर्यंत जाऊन परतत होतो.

रंगराव झोपलेला. चेहरा लहान झालाय. नळीतून अजून पू येतो. ताप रोज संध्याकाळी. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, आठवडा बघू.

शालननं मला पाहिलं आणि उठलीच. पिशवीतून काकवीची बाटली काढली. गावाकडच्या गुऱ्हाळाची.

"तुमच्यासाठीच आणलीया. दीर आलता काल. मी त्यास्नी म्हणाले, एवढ्या दवाखान्यात एकच मानूस आमच्या कागदामागं फिरला."

मी म्हणालो, वहिनी, तसं नाही.

"घ्या हो. लाजायचं काय त्यात? भाकरीसंगं खावा."

म्हणालो, वहिनी, ती चिठ्ठी

तेवढ्यात तो जागा झाला, पाणी मागितलं. पाणी द्यायचं नव्हतं, कापूस भिजवून ओठांना लावायचा होता. ती त्यात गुंतली. मी उभा राहिलो. मग बाटली घेऊन निघालो. घेतलीच.

बाटली टेबलावर आहे. उघडलेली नाही. फेकवतही नाही.

२८ फेब्रु., बुध

महिन्याची बेरीज. पुरुष वॉर्ड, १४ (चौगले) वगळून. स.नी तपासली, सही केली. आकडे नीट बसतात. तपासणीची वाट हे कारण आता दुसऱ्या क्रमांकावर. चौगले धरला असता तर पहिल्या.

केसपेपर सर्जरीला गेला. त्याला टाचलेली चिठ्ठी, तिच्या पाठीवर माझे आकडे. वाचणाऱ्याला काही कळणार नाही. तीन, तीन, तीन.

नोकरी सोडावी असं वाटतं. सोडून कोणाचा दिवस कमी होतो?

१ मार्च, गुरु

गुरुवार. सोनोग्राफीला सहा जण नेले. आजपासून मी खाली जाऊन यादी बघून येतो, कोणाची चिठ्ठी पोचली, कोणाची नाही. खा. ५ची पोचली नव्हती. सिस्टरांना सांगितलं. नियम मोडला. स.ना कळेल. खा. ५चा आठवडा वाचला.

रंगरावचा ताप सकाळीही होता.

२ मार्च, शुक्र

दुपारी शालन स्वतःच आमच्या वॉर्डात आली. दारातून, "मास्तर, हाईसा का?" हातात दुरेघी वहीचा फाडलेला कागद.

मालकाचा निरोप आलाय. पोट दुखतंय म्हणून कोण महिनाभर दवाखान्यात ऱ्हातंय व्हय, खरं काय ते लिहून पाठवा, नाहीतर सोमवारपासून ट्रॅक्टरवर दुसरा माणूस. दिराला लिहिता येतं, पण त्याचं मालक ऐकणार नाही.

"तुमी लिवा. दवाखान्याचं मानूस म्हणून तुमचं ऐकल त्यो. सगळं लिवा, कवा आलो, का एवढं दिस लागलं. डाक्टर रोज येगळं सांगत्यात. तुमास्नी रोजचं ठावं हाय."

तापात आहे, अजून बरा नाही, हे लिहिलं तरी पुरेल, म्हणालो.

"त्ये हाय वो. पन आधीच्या दिसांचं काय? त्योच इचारतोय त्यो. बसून खाल्लं म्हणतोय. ह्यास्नी लागलं त्ये लई. कालपास्नं भित्तीकडं तोंड करून हाईत."

बाकावर बसलो. ती शेजारी, जरा अंतर ठेवून, मग सरकून कागद दिसेल इतकी जवळ. तिला वाचता येत नाही. तरी बघते.

लिहिलं. श्री. मालक यांस. आपला ड्रायव्हर रंगराव चौगले सहा फेब्रुवारीला दाखल झाला. दहा तारखेला त्याचा ताप उतरला. तपासणी आठ तारखेलाच व्हायची होती. ती झाली नाही, कारण

"वाचा की," ती म्हणाली.

वाचलं. 'कारण'पर्यंत.

"म्होरं?"

पलीकडे सिस्टर औषधं मांडत होत्या.

"लिवा की मास्तर. मी बसलीया."